‘कष्टार्जित’ वाक्यात कुठे बसतो, कुठे बसत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानपत्र असो, अभिनंदनाचा फ्लेक्स असो, निवृत्तीच्या समारंभातलं भाषण असो की दहावीच्या पोराचा निबंध, कोल्हापुरात मुद्रितशोधनाला येणाऱ्या कागदांत ‘कष्टार्जित’ हमखास भेटतो. शब्द वजनदार आहे, कानाला बरा वाटतो, म्हणून लोक तो दिसेल त्या नामाला लावतात. त्यावरून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथेच जास्त होतात.

‘कष्टार्जित’ म्हणजे नेमकं काय?

कष्टाने अर्जित ते कष्टार्जित. अर्जित म्हणजे मिळवलेलं. विद्यार्जन, अर्थार्जन यांतलं ‘अर्जन’ हेच. व्याकरणाच्या भाषेत हा तृतीया तत्पुरुष समास, कारण विग्रह करताना ‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय येतो. कष्ट + अर्जित यातले दोन ‘अ’ मिळून ‘आ’ झाला, एवढाच संधी. ‘अर्ज’ म्हणजे विनंती हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचं या अर्जिताशी काही नातं नाही, नुसती नावं सारखी.

फोड लक्षात ठेवली की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. ज्याला हे विशेषण लावायचं ते कुणीतरी मिळवलेलं हवं, आणि कष्टाने मिळवलेलं हवं. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर शब्द काढून टाका.

मग माणसाला ‘कष्टार्जित’ म्हणता येईल का?

नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे.

एका तालमीचं पोरगं मोबाईलवर फ्लेक्सचा मजकूर घेऊन आलं होतं. मजकूर असा: ‘आमच्या तालमीचे कष्टार्जित पैलवान यांची राज्य स्पर्धेसाठी निवड झालेबद्दल हार्दिक अभिनंदन!’ (‘झाल्याबद्दल’ऐवजी ‘झालेबद्दल’ हा आपल्याकडच्या फ्लेक्सचा खास थाट. तो दुरुस्त करायचा नाद मी सोडला आहे.) त्याला विचारलं, “पैलवान कुणी कष्टाने मिळवला? विकत आणला काय?” ते हसलं. म्हणालं, “सर, पण शब्द भारी वाटतोय. कुठंतरी बसवा की.” मग वाक्य असं झालं: ‘आमच्या तालमीचा पठ्ठ्या… याच्या कष्टार्जित यशाबद्दल हार्दिक अभिनंदन!’ पैलवानाला ‘पठ्ठ्या’ मिळाला, ‘कष्टार्जित’ यशाला गेला, दोघं आपापल्या जागी.

माणसाबद्दलच बोलायचं असेल तर कष्टाळू, मेहनती, उद्यमी, राबता असे शब्द आहेत. ‘कष्टार्जित शेतकरी’, ‘कष्टार्जित आई’ हे प्रयोग चूकच. आईने मिळवलेली नोकरी कष्टार्जित असेल. आई कष्टाळू.

कष्टी, कष्टाळू, कष्टकरी, कष्टप्रद… यांत गोंधळ होतो. फरक सांगाल का?

कष्टाळू हा स्वभाव. कष्टकरी म्हणजे अंगमेहनतीवर पोट असलेला. तो समाजातला वर्ग झाला, म्हणून ‘कष्टकऱ्यांचा मोर्चा’ म्हणतात, ‘कष्टाळूंचा मोर्चा’ नाही. कष्टप्रद म्हणजे त्रास देणारं: फोंडा घाटातून रात्रीचा प्रवास पावसाळ्यात कष्टप्रद होतो. कष्टमय म्हणजे कष्टांनी भरलेलं, बहुधा आयुष्य किंवा दिवस.

आणि कष्टी म्हणजे दुःखी. ‘दुःखीकष्टी’ या जोडीतला. निबंधात ‘माझे बाबा फार कष्टी आहेत’ असं वाचलं की मास्तरांच्या पोटात गोळा येतो, आणि पोराला म्हणायचं असतं की बाबा फार राबतात.

‘कष्टसाध्य’ आणि ‘कष्टार्जित’ एकच ना?

एक नाहीत. ‘अर्जित’मध्ये काम झालेलं आहे, फळ हातात आहे. ‘साध्य’ म्हणजे साधता येण्याजोगं. तिथे काम अजून व्हायचं असेल किंवा ते काम एकंदरीत कसं आहे हे सांगायचं असेल. म्हणजे कष्टार्जित मिळालेल्या वस्तूबद्दल बोलतो आणि कष्टसाध्य करायच्या कामाबद्दल.

गुऱ्हाळावर जाऊन बघा. रस काहिलीत उकळतो, मळी वर येते ती काढत राहायची, पाक घट्ट होत जातो. तो नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. घड्याळ बघून नाही, पाकाचा रंग आणि बुडबुडे बघून. थोडं अलीकडे उतरवला तर ढेप धरत नाही, पलीकडे गेला तर गूळ काळवंडतो. आता दोन वाक्यं करा. ‘चांगला गूळ करणं कष्टसाध्य आहे.’ ‘गुळव्याची ही जाण कष्टार्जित आहे.’ विशेषणं उलटी लावून बघा, ‘गूळ करणं कष्टार्जित आहे’, आणि वाक्य लगेच लंगडतं. ‘करणं’ ही क्रिया. ती कुणी मिळवत नाही, करतो.

‘साध्य’वाले शब्द आयुर्वेदातही जुने आहेत. रोगांची वर्गवारी करताना सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य असे प्रकार केलेले आहेत. कृच्छ्रसाध्य म्हणजेच कष्टसाध्य, बरा होईल पण सहज नाही. तिथे ‘कष्टार्जित रोग’ म्हटलं तर काय अर्थ होईल ते तुम्हीच बघा.

श्रमसाध्य आणि प्रयत्नसाध्य यांचा वापर कष्टसाध्यसारखाच. छटा थोडी वेगळी: श्रमसाध्यमध्ये अंगमेहनत पुढे येते, प्रयत्नसाध्यमध्ये चिकाटी. आणखी एक. ‘खर्चसाध्य’ नावाचा शब्द हल्ली दिसतो. ‘खर्चिक’ असताना त्याची गरज काय हे मला कळलेलं नाही.

अजून न मिळालेल्या गोष्टीला ‘कष्टार्जित’ लावता येईल?

नाही. ‘कष्टार्जित स्वप्न’, ‘कष्टार्जित ध्येय’, ‘कष्टार्जित भविष्य’ हे सगळे फ्लेक्सवरचे प्रयोग. स्वप्न बघतात, ध्येय ठेवतात. ते पूर्ण झाल्यावर जे हाती येतं ते कष्टार्जित.

लिंग-वचनाप्रमाणे शब्द बदलतो का?

बदलत नाही. कष्टार्जित पैसा, कष्टार्जित संपत्ती, कष्टार्जित यश, कष्टार्जित पदकं. विभक्ती लागली तरी तसाच: कष्टार्जित पैशाचा, कष्टार्जित संपत्तीवर. मराठीत आकारान्त विशेषणं तेवढी बदलतात (मिळवलेला, मिळवलेली, मिळवलेल्या पैशाचा), बाकीची जागा सोडत नाहीत. क्वचित हाच शब्द नामासारखा वापरला तर मग प्रत्यय घेतो: ‘कष्टार्जिताला जपावं लागतं’.

हा शब्द कोणत्या नामाबरोबर शोभतो?

इथे नियमापेक्षा कानाला जास्त कळतं. ‘कष्टार्जित’ हा सुटाबुटातला शब्द आहे. त्याच्या शेजारी संपत्ती, धन, यश, कीर्ती, प्रतिष्ठा, ज्ञान हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बरे दिसतात. ‘पैसा’, ‘पुंजी’ आणि ‘मिळकत’ चालून जातात. पण ‘कष्टार्जित भाकरी’ म्हणून बघा. भाकरी कष्टाची असते. ‘कष्टाची भाकरी’ या दोन शब्दांत जे येतं ते कष्टार्जितात येत नाही. तसंच घामाचा पैसा, निढळाच्या घामाची कमाई. निढळ म्हणजे कपाळ. कपाळावरून ओघळलेल्या घामाची कमाई, आणि ती जिथे आहे तिथे संस्कृत समासाची गरज नाही.

‘कष्टार्जित शरीर’ हाही एक प्रयोग माझ्यापुढे आला होता, एका व्यायामशाळेच्या पत्रकात. पैलवानाचं शरीर कोल्हापुरात ‘कमावलेलं’ असतं. तालमीत ‘मेहनत’ या शब्दाचा अर्थसुद्धा ठरलेला, जोर-बैठका. पहाटे उठून वर्षानुवर्षं मेहनत केली की अंग कमावलं जातं. ‘कमावणे’ हे क्रियापद आपल्या गावात पैशापुरतं नाहीच. कातडंही कमावतात: कोल्हापुरी चपलेसाठीचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं. कच्च्या गोष्टीवर सावकाश, चिवटपणे काम करून तिला टिकाऊ करणं, हा अर्थ ‘कमावलेलं’मध्ये आहे आणि ‘कष्टार्जित’मध्ये नाही. म्हणून शरीर, आवाज, हात (म्हणजे कारागिराचा हात) यांना ‘कमावलेला’ लावा. गायकाचा आवाज कमावलेला, त्याला मिळालेला पुरस्कार कष्टार्जित.

‘अथक परिश्रमाने मिळवलेली कष्टार्जित संपत्ती’ असं लिहिलं तर?

एकच गोष्ट दोनदा नव्हे, तीनदा सांगितली. अथक परिश्रम, मिळवलेली, कष्टार्जित. ‘परिश्रमाने मिळवलेली संपत्ती’ किंवा ‘कष्टार्जित संपत्ती’, एक निवडा. मानपत्र लिहिणाऱ्यांना ही काटछाट आवडत नाही, त्यांना चौकट भरायची असते. चौकट भरायची असेल तर माहिती घाला, विशेषणं नकोत. (याबद्दल खाली.)

खरेदीखतात ‘स्वकष्टार्जित मिळकत’ लिहितात, ते काय?

स्वतःच्या कष्टाने अर्जित ती स्वकष्टार्जित. बोलीत शब्द फारसा येत नाही, पण जमिनीच्या कागदांत पदोपदी. तिथे तो कायद्याची संज्ञा म्हणून वापरला जातो आणि त्याची जोडी असते ‘वडिलोपार्जित’शी. हा ‘वडिलोपार्जित’ शब्द मोठा गमतीचा आहे. वडील हा आपला मराठी, उपार्जित संस्कृत, आणि दोघांचा संधी करून बसवलेला. व्याकरणवाल्यांनी नाक मुरडलं तरी तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत तो रुळला.

या संज्ञांमध्ये कष्ट किती केले याचं मोजमाप नसतं. पगारातून घेतलेला फ्लॅटही स्वकष्टार्जित आणि शेअर विकून आलेल्या नफ्यातून घेतलेली जागाही स्वकष्टार्जित. प्रश्न एवढाच की ती घराण्यातून आली की स्वतःच्या कमाईतून. त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. स्वकष्टार्जित मिळकत मालक मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने हव्या त्या माणसाला देऊ शकतो. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्माने हिस्सा असतो, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाल्यापासून मुलीलाही. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई या वारसांत वाटली जाते. ‘स्वकष्टार्जित आहे म्हणजे मुलींना काही नाही’ ही चावडीवरची समजूत खोटी आहे.

दस्तात शब्द लिहिला म्हणून मिळकत तशी ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. वाद झाला तर पैसा कुठून आला हे दाखवावं लागतं. तो भाग वकिलाचा.

आता भाषेपुरतं. ‘माझी स्वतःची स्वकष्टार्जित मिळकत’ यात ‘स्व’ दोनदा आलं. निबंधात असेल तर खोडा. पण ‘माझे मालकीची व कबजेवहिवाटीची स्वकष्टार्जित मिळकत’ असं दस्तात असेल तर हात लावू नका. ‘माझ्या’ऐवजी ‘माझे’ ही दस्तांची जुनी घडण आहे, आणि कागद नोंदणीला चाललाय, साहित्य संमेलनाला नाही.

शुद्ध कसं लिहायचं? जोडून की तोडून?

जोडून. ‘कष्ट अर्जित’ नको, मध्ये आडवी रेघही नको. ‘जि’ ऱ्हस्व. मराठीत अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार बहुधा दीर्घ असतो (गरीब, वकील), म्हणून काहीजण ‘कष्टार्जीत’ लिहितात. पण 1962 च्या लेखननियमांप्रमाणे तत्सम शब्द मुळातल्यासारखे लिहायचे, आणि अर्जित तत्सम आहे.

रफाराचा घोळ वेगळा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला की ‘कष्टाजिर्त’ असं काहीतरी उगवतं, रफार ‘जि’वरून उडून ‘त’वर जाऊन बसतो. ‘विद्यार्थी’चंही असंच होतं. फ्लेक्स छापण्याआधी मोठा करून एकदा बघा. वीस फुटी फ्लेक्सवर चुकलेला रफार शिवाजी चौकातून दिसतो.

‘कष्टार्जितपणे’ चालेल का? ‘जास्त कष्टार्जित’?

पहिलं अजिबात नाही. क्रियेबद्दल सांगायचं तर ‘कष्टाने’, ‘परिश्रमपूर्वक’, ‘सायासाने’. दुसरं व्याकरणाने अडत नाही, पण ‘हे यश त्या यशापेक्षा जास्त कष्टार्जित’ असं कुणी बोलत नाही. ‘या यशामागे जास्त कष्ट आहेत’ म्हणावं.

‘हे यश कष्टार्जित आहे’ असं वाक्याच्या शेवटी आणता येतं ना?

येतं, आणि कधीकधी जास्त ठसतं. विशेषतः दुसरं कुणी ते आयतं मिळालं म्हणत असेल तेव्हा: ‘ही जागा वशिल्याची नाही, कष्टार्जित आहे.’

इंग्रजी माध्यमात शिकतोय. ‘हार्ड-अर्न्ड’ दिसलं की ‘कष्टार्जित’ लिहायचं का?

पैसा, सुट्टी, नाव यांबाबत बहुतेक वेळा चालेल, पण ‘हार्ड-अर्न्ड मनी’ला ‘कष्टाचा पैसा’ जास्त जिवंत. ‘हार्ड-वन’ मात्र वेगळं. त्यात समोर कुणीतरी प्रतिस्पर्धी असतो, झगडा असतो. सामना, खटला, हक्क यांना ‘झुंजून मिळवलेला’, ‘लढून घेतलेला’ म्हणा. खासबागच्या मैदानात अर्ध्या तासाने निकाली झालेली कुस्ती कष्टार्जित नसते, झुंजीची असते. इंग्रजीत लिहिताना नामाआधी आडवी रेघ द्या, आणि ‘हार्डली’ वापरू नका. त्याने ‘जेमतेम’ असा भलताच अर्थ होतो.

स्वतःच्या यशाला ‘कष्टार्जित’ म्हणावं का?

व्याकरण आडवं येत नाही, रीत येते. स्वतःच्या सत्काराला उत्तर देताना ‘माझं कष्टार्जित यश’ म्हणणाऱ्याकडे मंडपातली माणसं तिरक्या नजरेने बघतात. दुसऱ्याने म्हणावं. तक्रारीत मात्र खुशाल म्हणा. बुडालेल्या ठेवीबद्दल अर्ज लिहिताना ‘माझी आयुष्यभराची कष्टार्जित पुंजी’ यात फुशारकी नाही, हक्काची बाजू आहे.

विरुद्धार्थी शब्द कोणता?

एकच सांगता येणार नाही. कागदोपत्री वडिलोपार्जित, आणि त्यात कमीपणा काही नाही. बोलताना आयता किंवा फुकटचा, यांत टोमणा आहेच. सहज मिळालं एवढंच म्हणायचं तर अनायास. गैरमार्गाने मिळवलेल्याला लाटलेला, हडपलेला. परीक्षेत ‘कष्टार्जित × आयता’ लिहिलंत तर गुण जायचे नाहीत.

मानपत्रात हा शब्द न वापरता तेच कसं सांगायचं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच.

‘खाशाबा जाधव यांनी कष्टार्जित पदक मिळवले.’ वाक्य तपासलं तर ‘कष्टार्जित’ आणि ‘मिळवले’ यांची द्विरुक्ती आहे, ती सोडून देऊ. वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? काही नाही. आता हे वाचा: ‘1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. पुढच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. 1952 साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.’ यात ‘कष्ट’ हा शब्द एकदाही नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांच्याबद्दलही तसंच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य, महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळायला खाशाबांनंतर 72 वर्षं लागली, आणि हा नेमबाज रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत होता. एवढं लिहा. विशेषण हवंच असेल तर शेवटी एकदा येऊ द्या.

तुमच्या मानपत्रातले काका ऑलिंपिकला गेले नसतील. पण त्यांनी किती वर्षं रात्रपाळी केली, कोणत्या वर्षी कर्ज फेडलं, सायकलवरून कागलहून एमआयडीसीला कसे जायचे, हे त्यांच्या घरच्यांना विचारा. दहा मिनिटांत मजकूर मिळतो, आणि वाचताना सभागृहात खोकल्याचे आवाज बंद होतात.

सरकारी नोकरीत ‘अर्जित रजा’ असते. तिला ‘कष्टार्जित रजा’ म्हणू का?

आपसात गंमत म्हणून म्हणा. रजेच्या अर्जात ‘अर्जित रजा’ एवढंच लिहा, नाहीतर अर्ज परत येईल.